सबनीसांची शिखर परिषद

समूहफोटो हातात आला की तुम्ही-आम्ही आधी स्वतःला शोधतो. पोट दिसतंय का, डोळे मिटलेत का, एवढं बघतो आणि फोटो पुढच्याच्या हातात देतो. आमचे शेजारी विनायक सबनीस फोटो मधल्या माणसापासून वाचायला सुरुवात करतात. बरोबर मध्ये कोण, त्याच्या उजवीकडे कोण, डावीकडे कोण, मागच्या रांगेत कुणाचं नुसतंच कपाळ आलंय, असं सगळं सावकाश बघून झालं की चष्मा डोक्यावर चढवतात आणि निकाल देतात.

गणपतीनंतर मी त्यांना आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीचा फोटो कौतुकाने दाखवला होता. मी त्यात नऊवारी नेसून, मोदकांच्या ताटासकट पुढे बसले होते. सबनीसांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. म्हणाले, "खजिनदार गेले."

"अगं बाई! कधी?"

"अजून गेले नाहीत. पण गेले. आधी मधून दुसरे असायचे, आता खांबाला टेकलेत."

पुढच्या महिन्यात खजिनदार खरंच गेले. म्हणजे नोकरी बदलून मेलबर्नला गेले. मी धावत जाऊन सबनीसांना सांगितलं, तर त्यांनी भुवईसुद्धा हलवली नाही. जाणकारांना अशा गोष्टींचं काही वाटत नसतं.

ही विद्या त्यांनी चीनवर कमावली होती. सिंगापूरला आले तेव्हा ते क्वीन्सटाउनला राहायचे आणि खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायचे. तिथल्या टीव्हीवर चिनी बातम्या चालायच्या. भाषेचं ओ की ठो कळत नव्हतं. एकटा माणूस, समोर भाताची ताटली, बोलायला कुणी नाही. मग ते नुसतं बघत बसायचे, की कोण कुणाच्या शेजारी उभा आहे, कोण काल होता आणि आज नाही. वीस-बावीस वर्षांत त्या बघण्याचं शास्त्र झालं. पुढे बिशानला आमच्या समोरचा फ्लॅट घेतला, ऑफिसात मॅनेजर झाले, लग्न काही केलं नाही, पण बीजिंगच्या बड्या मंडळींची नाडी त्यांनी एक दिवस सोडली नाही. गंमत म्हणजे हा माणूस चीनला कधी गेलेला नाही. मी एकदा विचारलं, "अहो, चार तासांवर आहे. जाऊन का येत नाही?"

"जवळ गेलं की दिसत नाही, वहिनी. लांबून नीट दिसतं."

खालच्या कॉफीवाल्या लिमअंकलनाही ते सोडत नसत. अमका मंत्री दोन आठवडे दिसला नाही, याचा अर्थ काय, असं सकाळी सकाळी त्या बिचाऱ्याला विचारायचे. लिमअंकल दुधाचा डबा फोडता फोडता म्हणायचे, "आय चायनीज, आय ऑल्सो डोन्ट नो. यू ड्रिंक कॉफी लाह."

मी सांगतेय ती गोष्ट २०१५ सालची. सबनीसांच्या दृष्टीने ते वर्ष म्हणजे पर्वणी होती. जूनमध्ये चीनच्या एका जुन्या सुरक्षाप्रमुखाला जन्मठेप झाली. एके काळी त्याच्या नुसत्या नावाने लोक चळाचळा कापायचे. तो कोर्टात उभा राहिला तो पांढऱ्याशुभ्र डोक्याने. सबनीस पेपर नाचवत आमच्या दारात आले. गुन्हा काय, पुरावा काय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

"बघा, डाय बंद! वहिनी, तिथे खुर्ची आहे तोवर केस काळे. पांढरा केस दिसला की खेळ खलास."

माझ्या नवऱ्याने, नितीनने, त्याच महिन्यात डाय लावायला सुरुवात केली होती. तो मुकाट्याने आत निघून गेला.

सप्टेंबरमध्ये बीजिंगला मोठं संचलन झालं, महायुद्ध संपल्याला सत्तर वर्षं झाली म्हणून. सबनीस ते बघायला आमच्याकडे आले, कारण आमचा टीव्ही मोठा. पडद्यावरून रणगाडे गेले, क्षेपणास्त्रं गेली, डोक्यावरून विमानं गेली. सबनीसांचे डोळे वरच्या सज्ज्यावर खिळलेले. तिथे राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी दोन्ही माजी राष्ट्राध्यक्ष उभे होते.

"दोन्ही माजी हजर! म्हणजे मिटलं."

"काय मिटलं?"

"ते कळायला वर्ष जाईल."

तेवढ्यात राष्ट्राध्यक्षांनी सैन्याला डाव्या हाताने सलामी दिली आणि सबनीसांच्या हातातली बशी कलली. चहा सतरंजीवर. पुढचे कितीतरी दिवस ते डाव्या हाताचा अर्थ लावत होते. मी म्हटलं, "उजवा खांदा दुखत असेल हो." तर माझ्याकडे दयेने बघून म्हणाले, "वहिनी, तिथे खांदा दुखत नसतो."

असा हा माणूस. आमची लेक आर्या त्यांना तोंडावर "अंकल, यू सो फनी लाह" म्हणायची आणि ते गंभीरपणे थँक यू म्हणायचे.

आणि मग ऑक्टोबरच्या शेवटी ती बातमी आली. चीनने एक मूल धोरण गुंडाळलं, आता दोन मुलांना परवानगी. मला वाटलं, हे आता समितीत कोण कुठे बसलं होतं ते सांगणार. ते आले, बसले, चहा घेतला आणि बराच वेळ कपाकडे बघत राहिले.

"पस्तीस वर्षं, वहिनी. शहरांतल्या एका अख्ख्या पिढीला भाऊ नाही की बहीण नाही. दादा म्हणायला कुणी नाही."

मी म्हटलं, "तुमचे दादा कराडला असतात ना?"

"असतात," असं म्हणून ते उठले. कपात अर्धा चहा तसाच होता. सबनीस चहा टाकून उठले, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दादांना मी पाहिलं नव्हतं, पण ओळखत होते. आमच्या मजल्यावर प्रत्येकजण ओळखत होता. दर रविवारी सकाळी सबनीस कराडला फोन लावायचे आणि दार उघडं टाकून, हॉलमध्ये येरझाऱ्या घालत, मोठमोठ्याने दादाला आठवड्याचा चीन सांगायचे. कोण वर गेला, कोण गळला, कुणाचे केस पिकले. दादा पलीकडून बहुतेक नुसते "हं" म्हणत असावेत, कारण मध्येमध्ये "ऐकतोयस ना?" असं यायचं. आईवडील लहानपणी गेले, दादाने वाढवलं, शिकवलं, एवढं सबनीसांनी कधीतरी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी ओट्यापाशी उभी असताना माझ्या डोक्यात आलं, की अरे, रविवारचा हा फोन ऐकून वर्ष होत आलं. आपल्या लक्षात कसं आलं नाही? शांतता लक्षात यायला वेळ लागतो, दुसरं काय.

दोन-तीन दिवसांनी मुग्धाचा फोन आला. मुग्धा ही सबनीसांची पुतणी, दादांची एकुलती एक लेक. लग्न होऊन नवऱ्याबरोबर जुरोंग ईस्टला राहायला आलेली. मंडळात आमची ओळख झाली होती.

"ताई, बाबा आलेत दिवाळीला. काका माझा फोनच उचलत नाहीत. बाबा रोज विचारतात, विन्या कधी येतो. काय सांगू?"

"काही भांडण झालंय का?"

"नाही हो. गेल्या वर्षी आम्ही इथे आल्या आल्या जेवायला आले होते. हॉलमधला फोटो बघत उभे राहिले, मग अर्धवट जेवले आणि गेले. त्यानंतर एकदाही आले नाहीत."

"कसला फोटो?"

"लग्नातला. फॅमिली फोटो."

"त्यात काका कुठे आहेत?"

पलीकडे ती हॉलमध्ये चालत गेल्याचा आवाज आला. मग मुग्धा बारीक आवाजात म्हणाली, "अय्या. नाहीयेत."

मी चप्पल घातली आणि समोरची बेल वाजवली. आडवळणं घेणं मला जमत नाही. म्हटलं, "सबनीस, पुतणीच्या लग्नाच्या फोटोत नाही म्हणून सख्ख्या भावाशी अबोला? लहान आहात का?"

ते रागावले नाहीत. खुर्ची पुढे केली आणि मास्तर फळ्यापाशी उभे राहतात तसे उभे राहिले.

"फोटोत नाही याचं काही नाही, वहिनी. दादाच्या बीपीच्या गोळ्या आणायला मी खोलीवर गेलो होतो. आलो तोवर फोटो झाला होता. होतं असं लग्नात. पण मुग्धाच्या घरी मी तो नीट वाचला. मध्ये नवरानवरी. उजवीकडे व्याही मंडळी. नवरीच्या डावीकडे दादा. सगळे समोर बघतायत आणि दादाने तोंड फिरवलंय. आणि दादाच्या शेजारी एका माणसाची मोकळी जागा आहे." त्यांनी हाताने हवेत ती जागा आखून दाखवली. "एवढ्या गर्दीत मोकळी जागा! मी असे फोटो आयुष्यभर बघितलेत. माणूस काढून टाकला की अशीच जागा राहते."

मी म्हटलं, "दादांना विचारा की सरळ."

"विचारून कोण खरं सांगतं?"

मला खरंच त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी त्यांच्या त्या नीटनेटक्या, एकट्या घराकडे बघून वाईटही वाटलं. दाराशी एकच चपलेचा जोड होता.

त्याच आठवड्यात जाहीर झालं, की चीनचे आणि तैवानचे राष्ट्राध्यक्ष शनिवारी भेटणार, आणि तेही इथे सिंगापूरला. एकोणीसशे एकोणपन्नासमध्ये जे तुटलं, त्यानंतर पहिल्यांदा. सबनीसांना आनंदाने ताप यायचा बाकी राहिला. हे त्याच्याकडे जाणार नाहीत, तो यांच्याकडे येणार नाही, म्हणून तिसरा देश. कुणी कुणाला राष्ट्राध्यक्ष म्हणायचं नाही, नुसतं श्रीयुत. हे सगळं त्यांनी आम्हाला जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून समजावलं. मीठ म्हणजे सिंगापूर.

मी मीठ उचललं. "मग तुम्हीही भेटा. शनिवारीच. ते जुरोंगचे, तुम्ही समोरचे. माझं घर तिसरा देश."

सबनीस वाटीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून जाणार. पण ते म्हणाले, "अटी ठरवाव्या लागतील."

मग दोन दिवस मी अटी नेत-आणत होते. म्हणजे सबनीस अटी सांगायचे, मी जुरोंगला फोन करायची आणि मुग्धा म्हणायची, "बाबा म्हणतात, काहीही चालेल." पण तसं सांगितलं असतं तर सबनीसांना अपमान वाटला असता, म्हणून मी प्रत्येक अट थोडी घासाघीस करून मान्य करून आणायची. गोल टेबल. मान्य. आधी कुणी बोलायचं नाही, यजमानांनी सुरुवात करायची. मान्य. त्यांना 'दादा' म्हणणार नाही.

"मग काय म्हणणार?" मी विचारलं. "श्रीयुत सबनीस? अहो, तुम्ही सबनीस, ते सबनीस, येतेय ती पुतणी माहेरची सबनीस. हाक कुणाला ते कसं कळणार?"

हा मुद्दा त्यांनी विचारार्थ ठेवून घेतला. नितीनने विचारलं, "मी फक्त चहा करू, की संयुक्त निवेदनही?" सबनीस गंभीरपणे म्हणाले, "संयुक्त निवेदन नाही."

शनिवारी दुपारी ते आमच्याकडेच टीव्हीसमोर बसले. ते दोन नेते दोन बाजूंनी आले, मध्ये थांबले आणि हात हातात घेतले. घेतले ते सोडेनातच. आधी इकडच्या कॅमेऱ्यांकडे बघून हसले, मग तिकडच्या, हात तसाच. मिनिटाच्या वर गेला असेल तो प्रकार. नंतर सबनीसांनी उठून, आमच्या हॉलमध्ये दोन फरशांच्या मध्ये नेमकं कुठे उभं राहायचं ते बघून घेतलं.

संध्याकाळी बेल वाजली. इस्त्रीचा निळा शर्ट घातलेले सबनीस ठरलेल्या जागी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. मी दार उघडलं. दादा आत आले. उंच, वाळके, आणि बरेच पिकलेले. आयुष्यभर एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आवाज अजून फलाटावरचा.

"विन्या, किती वाळलास रे! आणि हे काय, हात कशाला ताठ?"

"हस्तांदोलन," सबनीस म्हणाले.

दादांनी त्या पुढे केलेल्या हातावर स्टीलचा डबा ठेवला. "धर. करंज्या आहेत. विमानात थोड्या मोडल्या."

परिषद तिथेच मोडली असती, पण सबनीस डबा घेऊन गोल टेबलाशी बसले. दादांची खुर्ची समोर मांडली होती. दादांनी ती ओढत आणून विन्याच्या शेजारी लावली आणि बसले. मुग्धा नखं बघतेय, नितीन कपाटाला टेकून उभा. यजमान मी होते, सुरुवात मीच करायची होती, आणि हवापाण्याच्या गप्पा मारण्याइतका धीर माझ्यात नव्हता.

"दादा, मुग्धाच्या लग्नातल्या फोटोत तुम्ही तोंड का फिरवलंत?"

सबनीसांच्या कानापर्यंत लाली आली. हा विषय ठरलेला नव्हता.

"कुठला फोटो?" दादा म्हणाले. मुग्धाने फोन पुढे केला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि मोठ्याने हसले. "अरे, मी हाक मारतोय! हा नव्हता ना! तो फोटोवाला घाईवर आलेला. म्हटलं, थांब, धाकटा येतोय. जागा धरून ठेवलीय बघा शेजारी. पाहुणे सरकायला लागले तर त्यांना ढोसलं मी. 'विन्याऽ विन्याऽ' करून बोंबलतोय, आणि त्या शहाण्याने नेमकं तेव्हाच दाबलं." मग भावाकडे वळून, "कुठे उलथला होतास रे तू?"

"तुझ्या गोळ्या आणायला," सबनीस म्हणाले.

"गोळ्या खिशात होत्या माझ्या."

सबनीसांनी फोन हातात घेतला. दोन बोटांनी दादांचा चेहरा मोठा केला. तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. ते बघतच राहिले. वीस-बावीस वर्षं फोटो वाचणाऱ्या त्या माणसाला घरचा एक फोटो वाचता आला नव्हता, आणि ते त्यांना आमच्यासमोर कळत होतं.

"तरीच," दादा म्हणाले. "मला वाटलं, कामात असशील. मोठं ऑफिस तुझं. म्हटलं, आपण कशाला मध्येच फोन करून त्रास द्यायचा." त्यांच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. ती असती तर बरं झालं असतं.

मुग्धा खाली बघत म्हणाली, "काका, बाबा अजून रविवारी नऊ वाजेपर्यंत आंघोळीला जात नाहीत. मध्येच फोन वाजला आणि आपण बाथरूममध्ये असलो तर, म्हणून."

"काहीही काय सांगतेस," दादा तिच्यावर ओरडले.

सबनीस उठले आणि आमच्या स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने मी पाणी द्यायला गेले, तर सिंककडे तोंड करून उभे होते, डबा अजून हातात.

"वहिनी," ते म्हणाले, "वर्षभर बसला असेल तो तसा."

मी पाण्याचा ग्लास ओट्यावर ठेवला. त्यांनी नळाखाली चेहरा धुतला, शर्टाच्या बाहीलाच पुसला आणि बाहेर येऊन म्हणाले, "दादा, आज माझ्याकडे राहतोस?"

"कपडे नाही आणले. ब्रश नाही."

"आहे."

खरंच होतं. रात्री मी पांघरूण द्यायला गेले तेव्हा बघितलं. पलंगावर घडी न मोडलेली चादर, नवा टॉवेल, नवा ब्रश, दादांच्या मापाचा लेंगा. दादांना चालणारी मोजकी औषधंही टेबलावर ओळीने मांडलेली. ही खरेदी कधीची, ते मी विचारलं नाही. नितीन म्हणाला, अटींच्या आधीची असणार.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आठच्या सुमारास मी चकल्यांचं ताट घेऊन समोर गेले. दार उघडंच होतं. आत हॉलमध्ये कुणी नव्हतं, पण सबनीसांचा तो मोठा, येरझाऱ्यांचा आवाज येत होता. ते बंद बाथरूमच्या दाराबाहेर उभे राहून बोलत होते.

"दोघांनी एकदम हात पुढे केला, दादा. आधी कुणी नाही आणि मागून कुणी नाही. ऐकतोयस ना?"

आतून बादलीत तांब्या बुडल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा, आणि मग फलाटावरचा तो "हं."

"आणि टाय बघितलेस का दोघांचे? एकाचा लाल, एकाचा निळा. त्याचं मी तुला सांगतो काय आहे ते."

मला बघून त्यांनी हाताने थांबायची खूण केली. "वहिनी, जरा बसा हं. दादाशी बोलतोय."

मी ताट टेबलावर ठेवलं आणि बाहेर येऊन हळूच दार लोटून घेतलं.